तांड्यापासून फाट्यापर्यंत

वेधशाळा, लडाख
१४ जुलै २०२५

आदरणीय जाधव सर,

सलाम. मी यास्मीन, अमीरबी बांगडीवालीची. तीन वर्षांत एक ओळही लिहिली नाही, तेव्हा ओळख दिलेली बरी. फोनच करणार होते, पण अम्मी म्हणाली, "सरांना फोनवर काय बी ऐकू येत न्हाई. कानात मशीन घातली तर ती शिट्टी मारून राहते." म्हणून पत्र.

सर, आपला ठिपका पक्का झाला!

आठवतं ना? ऑक्टोबर २०१६. शाळेच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर त्या लघुग्रह शोधमोहिमेचे फोटो यायचे. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो. ते एकामागून एक भराभर बदलत राहायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका हलतो, तो लघुग्रह. त्यातला एक अगदी पुसट होता, मोहिमेच्या यंत्रानेही त्याला कचरा म्हणून बाजूला टाकलं होतं. आपण तो कळवला. चार रात्री दिसला आणि हरवला.

तो पुढे परत सापडला. दर पंधरा महिन्यांनी तो पृथ्वीच्या समोर येतो आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या दुर्बिणीने त्याला टिपलं. असे तुकडे जोडत जोडत नऊ वर्षांत त्याचा मार्ग ठरला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, बाहेरच्या अंगाला असतो. सूर्याभोवती एका फेरीला साडेपाच वर्षं घेतो. आता त्याला कायमचा क्रमांक मिळालाय आणि नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्यांचा. अहवालात दोन नावं आहेत, तुमचं आणि माझं. फॉर्म सोबत जोडलाय. नाव सोळा अक्षरांच्या आत हवं.

मी बरी आहे. इथे थंडी फार, माणसं कमी. तुमच्या पत्राची वाट बघते.

तुमची विद्यार्थिनी,
यास्मीन

---

तांडा, पुसेगाव
२ ऑगस्ट २०२५

चि. यास्मीन,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. दहापैकी सात. दोन गुण तीन वर्षांच्या उशिराबद्दल कापले, एक अक्षराबद्दल. दुर्बिणीशी खेळतेस आणि अक्षर अजून कोंबडीचा पाय.

बातमी वाचून एकट्यानेच मोठ्याने हसलो. माझं हसू मलाच ऐकू येत नाही, त्यामुळे बाहेर शेळ्या बांधणारे पुंजाजी आत डोकावले. त्यांना सांगितलं, आपण शोधलेला दगड सापडला. त्यांना वाटलं वावरातला. खाणाखुणा करून विचारतात, "नांगराला लागला का?"

माझं म्हणशील तर सगळं बराबर आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बेबीबाई गेल्यापासून सकाळी चार भाकरी टाकतो, दोन तेव्हा खातो आणि दोन संध्याकाळी. एकट्या माणसाला किती लागतं? आजकाल कुणी फारसं येत नाही, आलं तरी ओरडून ओरडून थकतं आणि चहा पिऊन जातं. एका अर्थी बरंच आहे. शांतता लाभली.

नाव सोपं आहे. 'पुसेगाव' टाक आणि मोकळी हो. गावाचं नाव आकाशात गेलं की ग्रामपंचायत फलक लावेल, त्यावर सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो येतील आणि कोपऱ्यात तुझा. आपण दोघांनी त्या खोलीत डोळे फोडले त्याचं एवढं तरी चीज होऊ दे.

दगड आहे तरी केवढा, ते मात्र लिहिलं नाहीस. तेव्हा आपण सव्वा किलोमीटर काढला होता.

तुझा सर,
प्रेमदास जाधव

---

वेधशाळा, लडाख
२४ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,

सलाम. सव्वा किलोमीटर चूक होतं.

चूक आपली एकट्याची नाही, रीतच तशी आहे. लांबून त्याचा आकार दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. मग धरून चालायचं, की त्याच्यावर पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकी पंधरा भाग तो परत पाठवत असेल. त्यावरून आकार काढायचा. पुढे उष्णता मोजणाऱ्या एका अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत तो निघाला. मंद दिसण्याच्या मानाने त्याची ऊब फारच जास्त! म्हणजे तो लहान नाही, काळा आहे. कोळशासारखा. शंभरातले चारच भाग परत देतो, बाकीचे आत ठेवतो. स्वतःभोवती फिरतोही सावकाश, एका गिरकीला छत्तीस तास. उजेडावरून अशाचा अंदाज चुकतो, सर. ऊब मोजावी लागते.

तो अडीच किलोमीटर आहे. आपल्या तांड्यापासून पुसेगाव फाट्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढा.

आता दुसरं. हे लिहायला चार दिवस लागले.

ठिपका मी पाहिला नव्हता. तुम्हीही नाही. संगीने पाहिला. तुमची संगिता तेव्हा हिंगोलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, दिवाळीच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन शाळेत आली होती. आपण दोघं आठवडाभर पडद्याला नाक लावून बसलो होतो. तिने उभ्या उभ्या पाहिलं आणि बोट ठेवलं, "बा, ह्यो टाका सरकून राहिला." आईच्या, बेबीकाकूंच्या, हाताखाली आरसेकाम करून तिची नजर तशी झाली होती. मोजून घातलेल्या हजार टाक्यांत एक सरकला तर तिला आधी तोच दिसायचा.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मला विचारलं, ठिपका कुणी पाहिला? मी म्हणाले, मी. त्या एका उत्तरावर मी इथपर्यंत आले. पहिल्या अहवालात तीन नावं होती, हे मला पक्कं आठवतं. मार्चच्या अहवालात दोनच होती. मी विचारलं नाही, कारण माझं होतं.

तिचं नाव कसं गेलं, सर? ती आखाडा बाळापूरला असते. तिचा पत्ता माझ्याकडे आहे.

यास्मीन

---

वेधशाळा, लडाख
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

सहा आठवडे झाले. अम्मी म्हणते, तुम्ही बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानावरून जाता पण मान वर करत नाही. माझं काही चुकलं असेल तर गुण कापा, पण लिहा. लवकरच रस्ते बंद व्हायला लागतील आणि मग टपाल कधी येईल याचा नेम नाही. माझ्याशी मराठीत बोलणारं इथे कुणी नाही, सर. तुमचं पहिलं पत्र मी रोज वाचते.

यास्मीन

---

तांडा, पुसेगाव
२० ऑक्टोबर २०२५

चि. यास्मीन,

आशीर्वाद.

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला दहापैकी सहा. विज्ञान ठीक आहे. ते 'ऊब मोजावी लागते' वगैरे मुलाखतीत सांगायला बरं. चार गुण आगाऊपणाबद्दल कापले. जगात अडीच किलोमीटरची इतकी अंतरं असताना तुला फाटाच सापडला का? कुणी सांगितलं तुला? संगीने?

मी फार रागावलो होतो. पत्र चुलीत घालायला निघालो आणि मग घडी करून पुस्तकात ठेवलं. आज दिवाळी. तांड्यावर पोरी घरोघर दिवे घेऊन फिरतात, मोठ्यांना ओवाळतात. माझ्या दारात तीन आल्या, ओवाळून गाणं म्हटलं. ओठ हलताना दिसले. त्या गेल्यावर लिहायला बसलोय.

नाव मी खोडलं. मार्च २०१७ ला संगी संतरामबरोबर निघून गेली, बिरादरीबाहेरच्या पोराबरोबर. त्याचं बॅटरीचं दुकान होतं. मुलगा वाईट नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आमच्यात पोरगी सासरी निघते तेव्हा ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, त्या त्या माणसाचं नाव घेऊन निरोप मागते. बाया पोरींना वर्षानुवर्षं ते शिकवतात. बेबीबाईने संगीला शिकवलं होतं. माझी पाळी येईल तेव्हा ती काय म्हणेल, ह्याचा मी मनात विचार करत असायचो, हे आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय. ती न गाता गेली. त्याच आठवड्यात अहवाल पक्का करून पाठवायचा होता. मी कॉम्प्युटर लावला, तिच्या नावावर गेलो आणि काढून टाकलं. मास्तराला खोडायची सवय असते.

आता फाट्याचं. चार वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आधी, बेबीबाई गेली. दुपारी तांड्याचा नायक नरसिंग माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, पोरगी फाट्यावर उभी हाय. तुमच्या सबदाबिगर आत येत न्हाई म्हणते. आणू का?" तेव्हा मला बराबर ऐकू येत होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसता जमिनीकडे बघत राहिलो. तो दोनदा विचारून उठून गेला. संध्याकाळी शेवटची जीप गेली तेव्हा ती गेली. आईचं तोंड तिला दिसलं नाही.

त्यानंतर माझे कान गेले. डॉक्टर म्हणतात वयाने. असेल.

सगळं बराबर आहे असं तुला लिहिलं होतं, ते खोटं आहे. मी फार एकटा आहे, यास्मीन.

सोबत बंद पाकीट आहे. संगीला द्यायचं. पत्ता माझ्याकडे नाही, तेवढा तू घाल. दगडाला तिचं नाव देतो असं आत लिहिलंय.

तुझा सर

---

वेधशाळा, लडाख
८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

फाट्याचं मला खरंच माहीत नव्हतं. संगी कधी बोलली नाही. दोघी त्या रस्त्याने चिंचा खात चालायचो, म्हणून ते अंतर माझ्या पायांना पाठ होतं, एवढंच. तुम्हाला लागलं, मला माफ करा.

पाकीट न फोडता परत पाठवतेय. रागावू नका. बाळापूर तुमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, दोन गाड्या बदलल्या की झालं. माझ्यापासून हजारो किलोमीटर. तुमच्या घरचं पत्र हिमालय चढून पुन्हा उतरत बाळापूरला जाणार, हे कुठल्या भूगोलात बसतं? पत्ता ह्या पत्राच्या मागे लिहिलाय, पाकिटावर तुम्ही घाला. तिकीट तुम्ही लावा.

मी माझं काम केलं. मुलाखत घेणाऱ्या सरांना कळवलं, की ठिपका मी पाहिला नव्हता. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. शिष्यवृत्ती संपली, नोकरी लागली, आता काय होईल ते माहीत नाही. भीती वाटते, पण झोप लागते.

यास्मीन

---

आखाडा बाळापूर
३ डिसेंबर २०२५

बा,

तुमचं पत्र मिळालं. पत्त्यावरचं अक्षर बघून ओळखलं. पाकीट दोन दिवस फ्रिजवर पडून होतं. शेवटी हे म्हणाले, "उघड की, पत्र हाय, साप न्हाई."

नाव खोडल्याचं तुम्ही चार वेळा लिहिलंय. त्याचं मला दुःख नाही. मला माहीतच नव्हतं की माझं नाव कुठेतरी लिहिलं होतं. मी एक टाका सरकलेला दाखवला आणि डबा घेऊन घरी गेले.

फाट्याचं दुःख आहे. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत. मी सकाळी अकरापासून उभी होते. टपरीवाल्याने बसायला खोकं दिलं. माझ्यासमोरून पाच जीपा माणसं भरून तांड्याकडे गेल्या, सगळी याडीचं शेवटचं तोंड बघायला चाललेली. ओळखीच्या बाया आतून माझ्याकडे बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. याडीसाठी आणलेली ओढणी हातात होती. ती अजून कपाटात आहे.

ढावलोचं लिहिलंत. बा, मी निघाले त्या पहाटे तुमच्या खाटेजवळ उभी होते. गायले असते तर तुम्ही जागे झाला असता.

आणि दगडाला माझं नाव नको. तीस-चाळीस कोटी किलोमीटरवर माझं नाव लावणार आणि साठ किलोमीटर येणार नाही, हे कसलं गणित? तुम्हीच शिकवायचात, आधी जवळचं माप घ्या.

मी फाट्यापर्यंत आले होते. आता फाट्याच्या पुढं तुम्ही या. यायचं नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नका, मला सोसत नाही.

तुमची नात सहा वर्षांची आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, की तिला आजोबा आहेत.

संगिता

---

तांडा, पुसेगाव
११ जानेवारी २०२६

चि. यास्मीन,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे. रस्ते बंद असतील तर उन्हाळ्यात वाच, शिळं होणार नाही.

संगीचं पत्र आलं आणि मी महिनाभर घरात बसलो. रोज सकाळी धोतर-सदरा काढून ठेवायचो, रोज दुपारी परत घडी घालायचो. कशाची भीती होती म्हणशील तर तिने दार उघडलं नसतं याची नाही. उघडलं असतं आणि ती काही बोलली असती आणि मला ऐकू आलं नसतं, याची. ती बोलत राहणार आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहणार, नरसिंगसमोर जमिनीकडे बघत राहिलो होतो तसा.

परवा निघालो. पुंजाजींचा पुतण्या मोटारसायकल घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं. फाट्यापर्यंत पायी गेलो. पावलं मोजली, तीन हजार सहाशे बारा. वाटेत दोनदा बसलो. अडीच किलोमीटर म्हणजे किती, हे मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं होतं, पण मला माहीत नव्हतं.

फाट्यावर टपरीवाला तोच आहे. पोरीला बसायला काय दिलं होतंस असं त्याला विचारलं, तर त्याने खोकं काढून दिलं. त्याच्यावर बसलो. दोन जीपा हिंगोलीकडे गेल्या, मी उठलो नाही. तिसरीत बसलो.

बाळापूरला दुकान सापडायला वेळ लागला नाही. संतराम बॅटरीत पाणी घालत होता. मला बघून त्याने हात पुसले, पाया पडला आणि आत बोट दाखवलं. संगी दारात आली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यायलो आणि फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. शोधणाऱ्यांच्या रकान्यात मी आधीच लिहिलं होतं: संगिता, यास्मीन, प्रेमदास. नावाची जागा कोरी ठेवली होती. तिने खूप वेळ वाचलं. मग माझ्या खिशातला पेन घेऊन लिहिलं, 'बेबीबाई'. सोळा अक्षरांत आरामात बसतं, मी मोजून घेतलं.

जेवायला वाढलं. नात माझ्या कानातलं मशीन काढून स्वतःच्या कानात घालून बसली आणि शिट्टी वाजली की हसायची. काढून घ्यावं असं वाटलं नाही. राहू दिलं.

चारला शेवटची गाडी होती. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि संगीने मागून येऊन माझ्या गळ्याला मिठी मारली. मला वाटलं रडते आहे. पण तिची पाठ एका ठेक्यात हलत होती. थांबायची, श्वास घ्यायची, परत हलायची. ती ढावलो म्हणत होती, यास्मीन. खरं तर जाणाऱ्याने गायचं असतं आणि जाणारा मी होतो. पण मला काय येतं? बाजूच्या घरातल्या बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या, संतरामने तोंड फिरवलं. माझं मशीन नातीच्या कानात होतं. मला एक शब्द ऐकू आला नाही. माझी पाळी आल्यावर ती काय म्हणेल, हे नऊ वर्षं मनात होतं, ते कळायचं राहिलंच.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. पाठ गरम होती, तापलेल्या भाकरीसारखी. किती वेळ गेला ठाऊक नाही. गाडी गेली. रात्री तिथेच राहिलो.

सकाळी परत आलो ते फॉर्म टपालात टाकूनच. अमीरबीच्या दुकानावर थांबलो, नातीसाठी बांगड्या घेतल्या. माप विचारलं तर सांगता आलं नाही. पुढच्या वेळी घेऊन येईन म्हटलं. मुलाखतीच्या सरांचं जे काही उत्तर येईल ते मला कळव, आणि त्यांना माझं पत्र लागलं तर मी लिहीन की अहवालात खाडाखोड मी केली होती, ह्या पोरीने नाही.

आणि एक काम कर. तुझ्या ऑगस्टच्या पत्राला मी दहापैकी सहा दिले होते. माझं ते पत्र काढ, सहा खोड आणि दहा लिही.

तुझा सर,
प्रेमदास जाधव